रासुआचं पांघरूण

१

सकाळी उठायचं, नळावर तोंड धुवायचं, शेगडीत कोळसे पेटवायचे. रात्रीच्या भाताची पातेल्याला करपून चिकटलेली खरवड असते, तिच्यात पाणी ओतून उकळायचं आणि त्या कडसर तपकिरी पाण्याचा वाडगा दोन्ही हातांत धरून कामाच्या खोलीचं दार उघडायचं. साहुलीचा दिवस वर्षानुवर्षं असाच सुरू होई. ती पॅरिसात शिकून आली, डाकारला आणि केपटाउनला तिची कामं प्रदर्शनांत लागली, मासिकात फोटो छापून आला, तरी खरवडीचं पाणी काही सुटलं नाही. कॉफी पाहुण्यांसाठी.

खोली ताना शहराच्या उतारावर, पायऱ्यांच्या बोळात, विटांच्या जुन्या घराच्या तळाशी होती. पूर्वी तिथं तांदूळ साठवत. आता कंडेन्स्ड मिल्कचे कापलेले डबे, राफिया ताडाच्या वाळल्या पानांच्या पेंढ्या, बैलांच्या शिंगांचे तुकडे, मोडके रेडिओ आणि गोणीभर लाल माती होती. या सगळ्याला जाणकार लोक मिश्र माध्यम म्हणतात. साहुलीची आई रासुआ त्याला भंगार म्हणाली असती, आणि ती फारशी चुकली नसती.

समोरच्या भिंतीला प्लायवुडची पुरुषभर उंच फळी टेकवलेली होती. तिच्यावर रानरेशमाचं गडद तपकिरी कापड ताणून बसवलेलं, कडेनं डब्यांच्या पत्र्याच्या टिकल्या शिवलेल्या. मधला भाग कोरा. त्या कोऱ्या भागाला हात लावायचा नाही हे साहुलीनं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. कामाचं नाव ‘ऊब’. ते समुद्रापलीकडं मार्सेयला जाणार होतं, एका मोठ्या संग्रहालयात, आणि तिच्या आयुष्यात त्याच्याइतकं चांगलं काम दुसरं झालेलं नव्हतं. हे तिला माहीत होतं. असल्या बाबतीत ती खोटी नम्रता दाखवत नसे, आणि का दाखवावी?

त्या सकाळी वाडगा तोंडाशी नेता नेता ती थांबली. काल संध्याकाळी टिकल्यांची उजवी रांग फळीच्या कडेला भिडलेली होती. आज रांग आणि कड यांच्यात बोटभर कोरं लाकूड दिसत होतं.

हिवाळ्यात रेशीम आकसतं, ती स्वतःशी म्हणाली. मग तिनं डावीकडे पाहिलं. तिथंही बोटभर.

ठीक आहे, आकसलंय. पण आकसलेलं कापड मध्ये ताठ होतं. हे मध्ये जसंच्या तसं होतं, उलट किंचित सैल, आणि त्याला एक घडी पडली होती. अंगावर घेतलेल्या शालीला खांद्यापाशी पडते तशी.

तिनं इस्त्री तापवली. घडी गेली. पाणी पिऊन होईपर्यंत परत आली.

२

आता ते कापड कुठून आलं हे सांगून टाकलेलं बरं, कारण साहुली स्वतःला ते कधीच सरळ सांगत नसे.

तिच्या मुलखात मेलेल्या माणसाला कुळाच्या दगडी थडग्यात ठेवतात, पण ठेवून विसरत नाहीत. काही वर्षांनी एखाद्या हिवाळ्यात दगड सरकवतात, आपल्या माणसांना बाहेर उन्हात आणतात, बँड लावतात, रम वाटतात, मांडीवर घेतात, खांद्यावर घेऊन नाचतात आणि नवं रेशमी पांघरूण गुंडाळून परत निजवतात. मागच्या हिवाळ्यात रासुआची पाळी होती. तिच्यासाठी पांघरूण विणलं तिच्या थोरल्या बहिणीनं, झाफीमावशीनं. दोन हिवाळे माग सोडला नाही. मोतीबिंदू उतरत आला तरी बोटांनी चाचपत विणत राहिली, आणि घडी एका फडक्यात बांधून साहुलीच्या हाती दिली. “थोरली लेक तू, तूच गुंडाळ,” म्हणाली. “दुसऱ्या कुणाला उलगडू देऊ नकोस.”

साहुलीनं ती घडी तानाला आणून उलगडली, आणि तिथंच तिचं बिनसलं. असं कापड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. एका समीक्षकानं पूर्वी तिच्याबद्दल लिहिलं होतं की हात आहे, काळीज नाही. ते वाक्य ती कधी विसरली नव्हती. त्या कापडात काळीज होतं. आणि ते मातीत जाणार, किडे खाणार, कुणी पाहणार नाही.

तिनं बाजारातून तपकिरी पॉलिएस्टर आणलं, वरून दिसायला एक पातळ रेशमी पट्टा आणला. सोहळ्याच्या दिवशी बायका गात असताना, ऊन डोक्यावर असताना, मांडीवरच्या आईला तिनं त्यात गुंडाळलं. भराभर. गाठी स्वतः मारल्या. झाफीमावशी जवळच बसली होती. तिनं हात पुढं करून वरचं रेशीम चाचपलं आणि समाधानानं मान हलवली.

झालं ते एवढंच.

३

रिवू आला तेव्हा टिकल्यांची रांग कडेपासून तीन बोटं आत गेली होती. रिवू साहुलीचा धाकटा भाऊ, गावचा सुतार. कामासाठी पेटी करायला तिनंच त्याला बोलावलं होतं. आल्या आल्या त्यानं करवत खाली टाकली आणि शेगडीपाशी बसला.

“ताई, मावशीनं डोकं खाल्लंय माझं.”

“आता काय झालं?”

“आई येते तिच्या स्वप्नात. रोज. थंडी वाजते म्हणते.”

साहुलीनं अंगावरचा दुसरा स्वेटर ओढून घेतला. “मावशी रात्री कसाव्याचे कंद चेपून खाते आणि झोपते. स्वप्नं पडतील नाहीतर काय?”

“मी हेच म्हणालो. तर म्हणे, तुझा बापही असंच बोलायचा आणि त्यालाही तुझ्याएवढीच अक्कल होती.” रिवू हसला, मग हसणं आवरून म्हणाला, “पण ताई, ती रडते गं. म्हणते, मी विणलं ते एवढं जाड, त्यात थंडी वाजेलच कशी? थडगं उघडा म्हणते. पाणी झिरपत असेल, दगड फुटला असेल, बघा तरी.”

“गेल्याच वर्षी उघडलं. असं वरचेवर कुणी उघडतं का? गाव हसेल.”

“गाव माझ्याकडं बघून तसंही हसतंच. पण तू थोरली. तू हो म्हटल्याशिवाय दगड हलत नाही.”

“हे काम एकदा जाऊ दे. मग बघू.”

“बरं,” रिवू म्हणाला. तो असाच होता, ताईनं बघू म्हटलं की संपलं. त्यानं फळीचं माप घ्यायला टेप काढली, कापडाकडं पाहिलं, शीळ घातली. “भारी आहे. कुठून आणलंस?”

“मिळालं एका बाईकडून,” साहुली म्हणाली.

४

कापड कुठं जात होतं?

तिनं फळीची मागची बाजू पाहिली. कोरडं प्लायवुड, त्यामागं भिंत. उंदीर नव्हते, ओल नव्हती. दोन्ही कडांनी कापड आत येत होतं, आणि मध्ये त्याचा ढीगही होत नव्हता. हिशेब जुळत नव्हता. ती शिकलेली बाई होती, हिशेब जुळला नाही की तिला राग येई. तिनं खिळे मारले. दुसऱ्या दिवशी खिळे जागच्या जागी होते आणि कापड त्यांच्या आत सरकलेलं, कुठं फाटलं नव्हतं, भोकसुद्धा नव्हतं.

भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना, शिंगाचा तुकडा घासत बसली असताना तिला आवाज ऐकू येई. सर्र. थांबून पुन्हा सर्र. झोपेत कुणी पांघरूण अंगाखाली ओढून घ्यावं तसा. ती वळून पाही. ऊन, फळी, टिकल्या. बोळात बायका कुणाच्या तरी सुनेला नावं ठेवत असत. जग जागच्या जागी होतं.

थंडी मात्र तिलाच वाजे. शेगडी पायाशी घेतली तरी बोटं निळी पडत. रिवू शर्टाच्या बाह्या दुमडून पेटीला रंधा मारी आणि म्हणे, “ताई, तुला थंडीताप आहे, डॉक्टरकडं जा.” ती जाऊन आली. ताप नव्हता.

सांगून टाकावं, असं रोज तिच्या मनात येई. रिवू समोर बसून भात खाई तेव्हा तर शब्द ओठापर्यंत येत. मग तिला मार्सेयच्या संग्रहालयातली पांढरी भिंत दिसे आणि ती म्हणे, “आणखी भाजी घे.”

५

झाफीमावशी न सांगता आली. काखेत जिवंत कोंबडी, अंगावर जुनी शाल, आणि पायऱ्या उतरताना सगळ्या शहराला शिव्या.

“बकऱ्यांनी बांधलंय का रे हे गाव? माणसानं उतरावं कसं? धर ही कोंबडी, रिवू. गळा दाबू नकोस मेल्या, खायची आहे, मारायची नाही अजून.”

साहुलीनं घाईनं फळीवर चादर टाकली. मावशी उंबऱ्यावर थांबली, चेहरा वर केला.

“छान उबदार आहे गं इथं,” ती म्हणाली.

साहुलीच्या तोंडातून वाफ निघत होती. तिनं स्टूल पुढं केलं, पण मावशी बसली नाही. हात पुढं धरून, पावलांनी जमीन चाचपत ती सरळ फळीकडं गेली, जणू कुणी हाक मारली होती. चादर तिनं बाजूला सारली. आता बोटं धाग्यावरून फिरतील आणि कळेल. हिला कळणारच.

बोटं फिरली. वरून खाली, सावकाश, चोळून नाही, झोपलेल्या माणसावरून फिरवावीत तशी. कापड कुणाचं, कुणी विणलं, याची मावशीनं चौकशीच केली नाही.

“चांगलं गुंडाळलंय,” ती म्हणाली. “खांद्यापाशी जरा सैल सोडायला हवं होतं. कोण आहे गं आत?”

कोंबडी फडफडली. रिवू मोठ्यानं हसला. “मावशी, फळी आहे ती! ताईचं काम आहे. कला म्हणतात त्याला.”

“फळीला खांदा असतो?”

“कलेत असतो.”

“असेल बाबा. तुमच्या शहरात काहीही असेल.” मावशीनं चादर परत ओढली, खाली नीट खोचलीसुद्धा. “पण ज्यांचं माणूस आहे त्यांच्या घरी पोचवा हो. असं उभं ठेवू नये.”

मग ती स्टुलावर बसली आणि एकदम म्हातारी दिसायला लागली. साहुलीचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“साहुली, खरं सांग. तू गुंडाळलंस ना, तुझ्या हाताखालून गेलंय ते. मी विणण्यात कुठं चुकले का? विरळ राहिलं होतं का? मला दिसत नव्हतं गं शेवटी शेवटी. रासुआ लहानपणापासून थंडीनं काकडणारी. आम्ही एका चटईवर निजायचो, ती माझं पांघरूण रात्रभर ओढून घ्यायची. आता रोज येते आणि म्हणते, ताई, तू मला काय घातलंस? मी काय उत्तर देऊ तिला?”

रिवू कोंबडी घेऊन अंगणात गेला होता. खोलीत दोघीच होत्या. किंवा दोघी होत्या असं साहुलीनं धरून चालायचं ठरवलं होतं.

“तू काही चुकली नाहीस, मावशी,” ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. ते तिनं गिळलं. मावशीनं तिचा हात सोडला. “मग चूक कुणाची?” तिनं विचारलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी रिवू मावशीला गावाच्या गाडीत बसवायला गेला, तेव्हा साहुलीनं कात्री काढली. काढून टाकायचं. आज टाके उसवायचे, उद्या गावी जायचं, दगड हलवायचा, जे होईल ते होईल. मार्सेयला कळवायचं की काम फाटलं, जळलं, काहीही. तिनं खरोखर ठरवलं होतं.

डाव्या कडेच्या टिकल्या उसवल्या. कापड सुटलं, पण मोकळं झालं नाही. पलीकडून कुणीतरी अंगाखाली दाबून धरलेलं असावं तसं अडत होतं. तिनं कापड आणि फळी यांच्यामध्ये हात घातला.

तिथं बोट शिरण्याइतकीच जागा असायला हवी होती. हात मनगटापर्यंत गेला. मग कोपरापर्यंत. फळी लागली नाही, भिंत लागली नाही.

आणि आत ऊब होती.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या बोटांत रक्त फिरलं. पहाटे कुणी निजलेलं असताना पांघरुणात असते तशी ऊब, धुराचा, तांदळाच्या पिठाचा, डोक्याला लावलेल्या तेलाचा वास असलेली. कुणी तिचा हात धरला नाही. धरला असता तर ती ओरडली तरी असती. नुसतं आत कुणीतरी कूस बदलली, हाताला जागा करून दिली, आणि तिच्या दंडाला ओझरते केस लागले.

साहुलीनं हात बाहेर काढला. ती किती वेळ जमिनीवर बसून होती कोण जाणे. मग तिनं जो विचार केला तो तिच्यासारख्या हुशार बाईलाच सुचावा. आई उबेत आहे, ती मनाशी म्हणाली. आईला हवं ते आईनं घेतलंय. आता मी हे ओढून काढलं तर तो दुष्टपणा होईल. माणसाला जे करायचंच असतं त्याला कारणं काय, पायाशी लोळत असतात.

तिनं सुईत दोरा ओवला आणि कड पुन्हा शिवली. पूर्वीपेक्षा बारीक टाक्यांनी.

७

पेटी न्यायला गाडी आली. हमाल पेटी उचलायला वाकले आणि परत उभे राहिले.

“बाई, आत फळीच आहे ना? का सासू भरलीय?”

“फळी आणि कापड.”

“मग कापड जेवून निघालंय,” त्यांतला एक म्हणाला, आणि त्यांनी बोळातल्या आणखी दोघांना हाक मारली. रिवू स्वतः एका कोपऱ्याला लागला. पायऱ्या चढताना तो मध्येच म्हणाला, “सांभाळून रे, आडवी नका करू,” आणि आपण असं का म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं. साहुलीनं दाराला कुलूप घातलं. त्या दुपारी तिनं दोन्ही स्वेटर काढून ठेवले. खोलीत साधा हिवाळा होता, सगळ्यांना असतो तेवढाच.

गावाहून रिवूचा फोन आला. मावशी आता रडत नव्हती. रासुआ स्वप्नात यायची थांबली होती.

“मग चांगलं झालं की,” साहुली म्हणाली.

“मावशीला नाही वाटत चांगलं. ती म्हणते, यायची तेव्हा जवळ होती. आता हाक मारली तरी ओ देत नाही, कुठंतरी लांब गेली.”

मार्सेयहून फोटो आले, लेख आले. त्यातल्या एका लेखात लिहिलं होतं की या कामासमोर उभं राहिलं की खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटतं. दुसऱ्यात काळीज हा शब्द होता. साहुलीनं तो पुन्हा पुन्हा वाचला. संग्रहालयानं ते काम कायमचं ठेवून घेतलं, तिनं सही केली. आता ते परत येणार नव्हतं.

पावसाळा सुरू व्हायच्या आत झाफीमावशी गेली. शेवटी शेवटी ती कुणाशी बोलत नव्हती. नुसती बोटं हलवायची, धागा चाचपल्यासारखी.

८

मावशीला तिच्या बहिणीशेजारी ठेवायचं हे तिचंच सांगणं होतं. माणसांनी पहारी लावून दगड सरकवला. बाहेर लख्ख ऊन होतं, बँड वाजत होता, भाताच्या मोठाल्या पातेल्यांपाशी बायका एकमेकींना ओरडत होत्या. रिवू पायऱ्या उतरून आत गेला. साहुली थडग्याच्या तोंडाशी उभी राहिली. थोरलीनं तिथं उभं राहायचं असतं.

आत आणखीही माणसं दिवा धरून होती, पण आईला सरकवायचं काम लेकाचं. आईला ठेवलं होतं त्या दगडी ओट्यापाशी रिवू वाकला, पाय रोवले, दोन्ही हात खाली घातले आणि उचललं.

उचललं आणि मागं झोकांडला, भिंतीला टेकला. दिवा धरलेला माणूस म्हणाला, “अरे, सांभाळ!” गाठी जशाच्या तशा होत्या, साहुलीनं मारलेल्या, एकही सुटलेली नव्हती. वरचा रेशमी पट्टा नीट होता. रिवूनं गाठोडं छातीशी धरून हळूच दाबलं, वरून, मग मधून, मग पायाकडून. हाडं काही जड नसतात, पण हाताला लागतात. दाबलं तेव्हा कापड कापडाला लागलं.

त्यानं मान वर करून तोंडाशी उभ्या असलेल्या बहिणीकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात हात सुटलेल्या पोराचा चेहरा होता.

“ताई,” तो इतक्या हळू म्हणाला की दिवा धरलेल्यालाही ऐकू गेलं नसावं. “आई कुठंय?”

साहुलीला ठाऊक होतं. शहर ठाऊक होतं, दालन ठाऊक होतं, भिंतीवर उजेड कुठून पडतो तेही. रोज अनोळखी माणसं समोर उभी राहतात, मान तिरकी करून बघतात, पुढं जातात. आईची भाषा जाणणारं त्यांत कुणी नाही. आपल्या माणसांना उन्हात न्यायचा हिवाळा तिकडं कधी येत नाही, आणि दगड हलवायला तिकडं कुणी यायचं नाही.

मागून लोक मावशीला घेऊन आले होते. कुणीतरी म्हणालं, “काय झालं, थांबलात का?”

“काही नाही,” साहुली म्हणाली. “ठेव तिला नीट, रिवू. मावशीला आत घ्या.”

रिवू तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं नजर काढून घेतली. गाठोडं त्यानं खाली ठेवलं, डोक्याची बाजू आधी, मग पाय, जसं ठेवतात तसं, आणि मावशीसाठी ते ओट्याच्या कडेला सरकवलं.

जागा भरपूर होती.